टॉवरकडे तोंड

भाग्येशने लावलेली अँटेना हलत नाही, हे बोईसरपासून एडवणपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. वडील साताऱ्याहून वीजकेंद्रात नोकरीला आले. त्याने मात्र पत्र्यांवर चढून इंटरनेटच्या डिश बसवायचं काम धरलं आणि त्यात नाव काढलं. म्हणूनच दातिवऱ्याहून शकूमावशींचा पुन्हा फोन आला तेव्हा तो चिडला.

"भाऊ, नेट परत गेला. आज आमच्या पोरीची, उन्नतीची परीक्षा हाय, नर्सिंगची. घरूनच द्यायची."

"परीक्षा होणार, मावशी. मी निघालोच."

घर किनाऱ्याच्या वाळूला लागून होतं. भरती लागली होती. अंगणात बोंबील वाळत होते, पत्रा तापला होता. भाग्येश वर चढला. केळव्याच्या टॉवरकडे लावलेली डिश भलतीकडेच, समुद्राच्या अंगाला पाहत होती. त्याने नट तपासले. घट्ट. गेल्या वेळी आवळल्यावर नट आणि क्लॅम्पवर मिळून त्याने पेनाने ओढलेली रेघ जशीच्या तशी जुळत होती. पाइप छपराच्या लोखंडी कैचीला वेल्ड केलेला. तोही जागचा हलला नव्हता.

"वर कोणी चढलं होतं का?" त्याने खाली विचारलं.

"कोण चढंल?" शकूमावशींचा नवरा नवशा जाळं दुरुस्त करत बसला होता. "भरतीला जातो नेट. ओहोटीला येतो."

"भरतीचा काय संबंध, काका?"

नवशा गाठ मारत राहिला.

भाग्येशने डिश सैल केली, टॉवरवर धरली, पुन्हा आवळली. फोनवर सिग्नलच्या पट्ट्या भरल्या. खालून उन्नतीचा आवाज आला, "आला, दादा! पेपर सुरू झाला." झालं काम. तो गोणपाट टाकून आढ्यावर बसला. पाणी अजून चढतच होतं.

एक पट्टी उतरली.

वारा नव्हता. माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती. डिशही हलली नव्हती. टॉवर मात्र तिच्या रेषेतून बाजूला गेला होता. कुठेतरी पत्रा बारीक करकरला. रस्त्यावरच्या खांबावरून घरात आलेली विजेची तार मघाशी सैल लोंबत होती. आता ती ताणून ताठ झाली होती. शेजारच्या छपराचा कोपरा हळूहळू मागे सरकत होता.

नांगरलेल्या होड्या भरतीला तोंड फिरवतात, तसं.

भाग्येशला उडी टाकून पळावंसं वाटलं.

"दादा, अडकला पेपर!"

"अडकत नाही!" तो ओरडला. "तू सोडव!"

त्याने नट सैल केले आणि डिश दोन्ही हातांनी टॉवरवर धरली. घर वळेल तसा तो तिला वळवत राहिला. केसभर. मग आणखी केसभर. गुडघ्यांना पत्र्याचा चटका बसत होता.

समुद्राकडे त्याने पाहिलं नाही.

पाणी थांबलं. मग उतरायला लागलं. तो डिश उलट्या बाजूने वळवू लागला.

पट्ट्या भरलेल्या राहिल्या.

तो खाली आला तेव्हा उन्नती हसत दारात उभी होती. "मस्त गेला, दादा!"

"तुला काही जाणवलं?"

"काय?"

शकूमावशींनी त्याच्या हातात चहा दिला. कप घेऊन तो घराच्या मागच्या अंगाला गेला. जोत्याच्या कोपऱ्यापासून वाळूत एक चर उमटला होता, कमानीसारखा वळलेला. त्यात शिंपले चिरडून पांढरा चुरा झाला होता.

नवशा पायाने वाळू लोटून तो चर बुजवत होता, मान खाली घालून, रोजच्या सवयीने.