मुद्दाम ठेवलेली चूक

मी मुळात खोटारडी नाही हो. पण अश्विनच्या गणिताच्या थिसिसमध्ये मी मुद्दाम चुका करायची, हे खरं आहे.

सदरमधल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात तो पहिल्यांदा शिरला तो मे महिन्याचं ऊन चुकवायला. कूलरसमोर उभा राहिला आणि माझ्या स्क्रीनकडे बघतच राहिला. त्याला नवल वाटलं, लोक समीकरणांचे फोटो काढून चिकटवतात, आणि ही मुलगी एकेक चिन्ह कोड लिहून बसवते! दुसऱ्याच दिवशी नरखेडच्या एसटीने वह्यांची पिशवी घेऊन हजर. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण प्रूफ तपासताना तो गालात हसायचा... आणि माझं कशातच लक्ष लागायचं नाही.

प्रूफ बिनचूक निघालं तर तो पुन्हा कशाला येईल? म्हणून मी दर खेपेला एखादं चिन्ह फिरवून ठेवायची. तो यायचा, चूक शोधायचा, मग चहा व्हायचा. दिवाळीनंतर तो बरेच दिवस येणार नव्हता, तेव्हा मी दोन ठेवल्या. परत आल्यावर त्याने एकच दाखवली, आणि दुसरी मी विसरूनच गेले.

पदवी हातात आली की कॉलेजातली जागा पक्की होती. एकदा चहा पिताना तो म्हणाला, "नोकरी लागली का घरी एक नाव सांगतो."

"कोणाचं?"

"टायपिंग चांगली करते... पण चुका लय करते."

मी लाजून कीबोर्डच पुसत बसले.

शेवटच्या प्रूफला तो आलाच नाही. वडिलांचं ऑपरेशन होतं. फोनवर म्हणाला, थेट छापून टाक, तुझ्यावर विश्वास आहे. त्या प्रूफातली माझी चूक मी लगेच दुरुस्त केली आणि छापलं. केवढी खूश होते मी!

विद्यापीठातून थिसिस परत आला. पान एकसष्ट, अधिकच्या जागी वजा, आणि पुढचं सगळं गणित चुकलेलं. पुन्हा तपासणीला सहा महिने जाणार होते, म्हणून ती जागा दुसऱ्याला मिळाली.

तो विद्यापीठाचं पत्र घेऊन आला तेव्हा मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. तुम्ही परत यावं म्हणून चुका करायची, मला तुम्ही आवडता.

त्याने पत्राची घडी घातली.

"थे वजा मले दिवाळीनंतरच दिसलं होतं, नूपुर," तो म्हणाला. "पुढच्या खेपेसाठी ठेवलं होतं... इथं याले काही कारण पाहिजे ना. मग बाबाच्या आजारपणात विसरलो."



"मग आता?" मी विचारलं.

"आवडते तू मले. पण तुले पाह्यलं का मले थेच पान दिसते वं. काय करू मी?"

मी पान एकसष्ट दुरुस्त केलं, पुढची सगळी पानं तीनतीनदा तपासली आणि छापून त्याच्या हातात दिली. त्याने ती न बघताच पिशवीत टाकली.

या वेळी एकही चूक नव्हती. तो परत आला नाही.