बर्फ धरेपर्यंत

तुर्कूच्या अभिलेखागारात त्या दुपारी चार टेबलं होती, सहा खुर्च्या, एक खिडकी आणि एक माणूस. मला हवे असलेले १८५३च्या हिवाळ्याचे तापमानाचे तक्ते त्याच्यापुढे होते.

"तुम्हाला कशाला हवेत?" त्याने विचारलं.

"माझे खापरपणजोबा इसाक त्या डिसेंबरात स्वतःच्या लग्नाला आले नाहीत. सात आठवड्यांनी उगवले. कोणी म्हणतं, युद्धाला घाबरून लपले. पण इंग्रजांची लढाऊ जहाजं आली ती पुढच्या वसंतात. आई म्हणते, बेटावरच्या माणसाचा भरवसा नाही."

"मी बेटावरचाच. रूनार." त्याने तक्ता माझ्याकडे वळवला. "महिनाभर शून्याच्या आसपास. होडी घातली तर बर्फ अडवतो, पाय ठेवला तर फुटतो. अशा वेळी आम्ही घरी बसतो. अजूनही."

"आणि नवरीने काय करायचं?"

"वाट बघायची. तिने बघितली… म्हणून तर तुम्ही इथे आहात."

त्या शरद ऋतूत तो दर शनिवारी होडीने आमच्या धक्क्यावर यायचा. काळा पाव, खारवलेला हेरिंग मासा, आणि माझा हात — तो सोडायची त्याला घाई नसे. नोव्हेंबरात म्हणाला, "नाताळाआधी येतो, एब्बा. एक विचारायचंय."

मग समुद्र अर्धवट गोठून चिखलासारखा झाला.

"फोनवर विचार ना," मी म्हटलं.

"फोनवर विचारायची गोष्ट नाही ती."

नाताळ गेला. समुद्रापलीकडे उप्सालात मला एक नोकरी देऊ केली होती. आई म्हणाली, "इसाकच तो. उप्सालाच्या नोकरीला हो म्हणून टाक." उत्तराची मुदत जानेवारीअखेर होती.

विसाव्या तारखेपासून पारा उणे चौदावर राहिला. अठ्ठावीस तारखेच्या सकाळी मी गिरमिट घेऊन, गोठलेल्या समुद्रात भोकं पाडत, बर्फाची जाडी मोजत त्याच्या बेटाकडे निघाले. अर्ध्या वाटेवर समोरून एक माणूस तसाच वाकत, मोजत येत होता.

"थांब," रूनार दहा पावलांवरून म्हणाला. "एकट्याला पाच सेंटिमीटर पुरतात. दोघांना एका जागी दहा लागतात."

"मग तिथूनच विचार."

त्याने टोपी काढली. "माझ्याशी लग्न करशील? उप्सालात राहायचं असेल तर… मी तिकडे येईन."

"उत्तर लांबून द्यायची गोष्ट नाही," मी म्हटलं.

मी गुडघे टेकले, आमच्या बरोबर मधे भोक पाडलं आणि मोजपट्टी खाली सोडली.

अकरा सेंटिमीटर.