कानाचा रकाना

कराडच्या स्टँडवर गाडीत चढलेला उंच, किडकिडीत तरुण हौसाशेजारच्या रिकाम्या जागेवर अंग चोरून बसला आणि तिच्या मांडीवरच्या, पंच्यात गुंडाळलेल्या चौकोनी वस्तूकडे बघत म्हणाला, "आरसा आहे का? जपा हां... पुढं खड्डे फार आहेत."

"आरसा न्हाई, रेकॉर्ड हाय," हौसा म्हणाली. "आन् फुटली तरी चालंल. पण साताऱ्यात गेल्यावर. एकाच्या डोस्क्यात."

हौसा बी. ए. होती, सांगलीजवळ माधवनगरच्या गिरणीत टाइम ऑफिसात कारकून होती आणि एरवी कारकुनाला शोभेल असं शुद्ध बोलायची. पण राग आला की पदवी गळून पडायची आणि खालून तिचं गाव म्हसवड निघायचं. गेले चार दिवस पदवी जाग्यावर नव्हती.

श्रावणातली भुरभुर खिडकीतून आत येत होती. तरुणानं हात लांबवून काच ओढली. एसटीची काच असल्यामुळं ती अर्ध्यावर अडकली. मग त्यानं स्वतःचा रुमाल काढून त्या पंच्यावर पसरला. हौसानं हे पाहिलं. राग आला तरी माणसाला दिसायचं ते दिसतंच.

"कुणाच्या डोक्यात?" त्यानं विचारलं.

"एच. जे. फडतरे नावाचा इसम हाय. म्हातारा असणार. जाडा. गालात तंबाखू."

तरुणानं पंच्यावरचा रुमाल उगाच सारखा केला.

उंब्रजपर्यंत हौसानं सगळी कैफियत मांडली. तिची थोरली आत्या हरणाबाई. पोरवयात मेंढरांमागं गायची. पन्नास वर्षांपूर्वी कुण्या साहेबानं सिद्धनाथाच्या जत्रेत तिचा गळा ऐकला आणि मुंबईला नेऊन तिची एक तबकडी काढली. एकच. त्या काळी गाणं संपलं की गाणाऱ्यानं आपलं नाव सांगायची पद्धत होती. आत्यानं सांगितलं, "हरणाबाई, म्हसवड..." आणि वर त्या साहेबालाच विचारलं, "झालं का वं?" तेही तबकडीत उतरलं. घरातली तबकडी कधीच फुटली; पण त्या 'झालं का वं'ला गाव हसायचं आणि सगळ्यांत जास्त आत्या हसायची.

"आता मुंबईच्या नादमंजूषा कंपनीनं जुन्या गाण्यांची एलपी काढलीया. नव्या स्टिरिओत! मी ती घिऊन म्हसवडला गेले, शाळंतनं दोन पेट्यांचं रेकॉर्ड लावायचं यंत्र मागून आणलं, आत्याला म्होरं बसवली. गाणं संपलं आन् खट्! नावच न्हाई. पाकिटावर काय, तर 'अज्ञात गायिका'. अज्ञात! बाई जित्ती हाय, दारात बसून बाजरी पाखडतीया! आन् खाली बारीक अक्षरात काय? 'ध्वनिसंस्करण - एच. जे. फडतरे, सातारा.' गाणारणीचं नाव पुसलं आन् पुसणाऱ्याचं छापलं!"

"आणि... स्टिरिओ कसा वाटला?" तरुणानं अगदी हळू विचारलं.

"आत्याची फाळणी केलीया. डाव्या पेटीत दात, उजव्या पेटीत घसा."

"आत्या काय म्हणाल्या?"

हौसानं अर्ध्या काचेतून बाहेर पाहिलं. "म्हणाली, माझं न्हवं ते. दुसऱ्या कुणाचं आसंल."

गाडी साताऱ्याला पोचली. स्टँडवर उतरल्यावर तो म्हणाला, "चला, फडतऱ्यांचं दुकान दाखवतो." त्याच्याकडे छत्री होती. ती त्यानं रेकॉर्डवर धरली. त्यामुळं दोघंही भिजली.

दुकानाला कुलूप होतं.

"पळाला!" हौसा म्हणाली.

तरुणानं खिशातून किल्ली काढली. "हंबीरराव जोतिबा फडतरे. तंबाखू खात नाही."

हौसानं किल्लीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "इतका येळ... ऐकत बसला व्हता?"

"तुम्ही थांबत नव्हता."

दुकान रेडिओ दुरुस्तीचं होतं. हंबीररावानं सात वर्षं सैन्यात, सिग्नलमध्ये काढली होती. तिथं माणूस दोन गोष्टी शिकतो, तारा जोडणं आणि हुकूम पाळणं. सुटून आल्यावर नादमंजूषाचं काम मिळालं. कंपनी जुन्या तबकड्या पाठवायची. हा खरखर काढून, गाणं तेवढं ठेवून, ते टेपवर उतरवून द्यायचा.

"नाव का कापलं?"

"हुकूम होता. फक्त गाणं. बोलणं नको."

"मग कागदावर तरी लिवायचं!"

"तबकडीचं लेबल कसरीनं खाल्लं होतं. कंपनीच्या फॉर्मात रकाना होता, 'लेबलावरील नाव'. मी लिहिलं, वाचता येत नाही. खरं तेच लिहिलं."

"आन् कानानं ऐकलं ते?"

हंबीरराव टेबलाकडे बघत म्हणाला, "कानाचा रकाना नव्हता."

आता ती रेकॉर्ड खरोखरच डोक्यात पडली असती. पण तेवढ्यात त्यानं कपाटातून एक छोटी टेप काढली, यंत्रावर चढवली आणि बटण दाबलं. खरखर आली. पावसात पत्रा वाजावा तशी. आणि मग एकेक बाई बोलू लागली. "चंद्राबाई, वाई." खरखर. "राहीबाई, फलटण." "दगडाबाई, तासगाव..." कुणी ठसक्यात, कुणी घाबरून, कुणी गाण्याचा दम अजून छातीत असताना. गाणं कुठंच नाही, नुसती नावं. एकोणीस नावं झाली आणि विसावं आलं. "हरणाबाई, म्हसवड... झालं का वं?"

हौसानं पदर तोंडाला लावला.

"कापली," हंबीरराव म्हणाला, "पण टाकवेनात. एकाला एक जोडून ठेवली. सकाळी दुकान उघडलं की आधी हीच लावतो."

एखादी दुसरी मुलगी इथं विरघळली असती. हौसाही विरघळत होती, पण मध्येच तिला काहीतरी टोचलं.

"म्हंजी तुमाला ठावं व्हतं," ती सावकाश म्हणाली. "कंपनीला न्हवतं ठावं. तुमाला व्हतं. रोज सकाळी! न कळून झालं असतं तर सोडलं असतं मी. तुमी रोज तिचं नाव ऐकत व्हता आन् पाकिटावर अज्ञात वाचत व्हता!"

"व्हय," हंबीरराव म्हणाला.

एवढंच. त्या 'व्हय'मागं सबब नव्हती. हौसा पाय आपटत निघून गेली, पण सांगलीपर्यंतच्या प्रवासात तिला त्या माणसाचा सगळ्यांत जास्त राग या गोष्टीचा आला की भांडायला त्यानं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

मग पत्रं सुरू झाली. तिची 'महाशय' अशी सुरू व्हायची. त्याची 'आपला अपराधी' अशी संपायची. त्यानं कंपनीला लिहिलं. कंपनीचं उत्तर आलं की विषयांकित तबकडीस समाधानकारक मागणी नसल्याने नवीन आवृत्तीचा प्रश्न उद्भवत नाही. त्यावर हंबीररावानं एलपीच्या दुसऱ्या भागासाठी आलेल्या तबकड्या पेटीत भरून मुंबईला परत पाठवल्या. त्या कामावरच दुकान चालायचं, हे त्यानं पत्रात लिहिलं नव्हतं. हौसानं ते हिशेबानं ओळखलं आणि त्याबद्दलही दोन पानं रागावून लिहिलं.

शेवटी तिनंच विचारलं, 'आपल्या भागात प्रती किती?'

'साठ,' त्यानं कळवलं. 'नऊ दुकानं.'

हौसानं सांगलीत रबरी शिक्का करून घेतला. 'हरणाबाई, म्हसवड'. जांभळ्या शाईचा.

रविवारमागून रविवार दोघं फिरली. सांगली, मिरज, कराड, सातारा. तो पाकीट धरायचा, ती 'अज्ञात'वर शिक्का हाणायची, तो शाईवर फुंकर घालायचा. दुकानदार म्हणायचे, "आवं बाई, माल खराब करताय!" हौसा म्हणायची, "खराबच हाय तो. दुरुस्त करतोय." फुंकर घालताना हंबीररावाच्या कपाळावर केस यायचे. एकदा हौसाचा शिक्का त्यामुळं तिरका पडला आणि तिनं त्यालाच झापलं. "नीट धराया काय हुतंय?"

शेवटचं दुकान लोणंदचं. तिथं एकच प्रत राहिली होती. साताऱ्याच्या स्टँडवर लोणंदच्या गाडीची वाट बघताना तो चाचरत म्हणाला, "मी परवा... म्हसवडला जाऊन आलो. टेप घेऊन."

"मला न सांगता?"

"माफी मागायची होती. तुम्ही असता तर मागू दिली नसती."

हे खरं असल्यामुळं हौसा आणखी चिडली. "आत्या काय म्हणाली?"

"नाव ऐकलं आणि म्हणाल्या, ही मी. मग म्हणाल्या, आणिक एकडाव लाव."

"किती येळा लावली?"

"यंत्राचे सेल संपेपर्यंत."

हौसानं तोंड फिरवलं. गाडी येईपर्यंत ते फिरवलेलंच ठेवलं.

लोणंदचा दुकानदार आप्पासो गल्ल्यावर बसून पेपर वाचत होता. "ती रेकॉर्ड? ती सकाळीच खपली की."

"खपली?" हौसाचा आवाज चढला. "कुणी नेली? गाव सांगा, नाव सांगा!"

आप्पासोनं चष्म्यावरून हंबीररावाकडे पाहिलं. "ह्येंनीच की. सकाळच्या गाडीनं आले, घिऊन गेले, आता परत आलेत."

हौसा वळली. हंबीररावानं पिशवीतून रेकॉर्ड काढली. त्याचे कान लाल झाले होते.

"ही झाली की शिक्के संपले," तो म्हणाला. "मग तुमी सांगलीला... मला भेटायला काय कारण राहत न्हवतं."

"म्हनून आत्याला अज्ञात ठेवनार व्हता? परत?"

"आठ-पंधरा दिस. फार तर."

"एक दिस न्हाई!" तिनं रेकॉर्ड हिसकली, गल्ल्यावर ठेवली आणि असा शिक्का हाणला की आप्पासोची दौत उडाली. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. "पन्नास वरसं एक नाव, आन् तुमी त्येच्या जिवावर... माझी वाट बघत बसला? सरळ इचाराया जीभ न्हाई?"

"हाय," हंबीरराव म्हणाला. "तुमी थांबत न्हाई."

हौसा थांबली. पहिल्यांदाच.

"धनगराची पोर हाय मी," ती म्हणाली. आवाज तापलेलाच होता, पण आच कमी झाली होती. "चालंल तुमच्या घरात?"

"आजवर घरात माझं कायच चाललं न्हाई. ह्ये चालवनार."

"हात करा."

त्यानं तळहात पुढं केला. तिनं त्यावर शिक्का दाबला. जोरात, जरा जास्तच वेळ.

"हा पत्ता. मागनी तिथं घालायची, मला न्हवं. येताना मोठं मानूस आना. आन् यंत्रात नवं सेल."

आप्पासोनं खाकरून पेपर खाली ठेवला. "पाकीट खराब केलंसा तुमी. आता रेकॉर्ड परत घ्यायची न्हाई मी."

"परत करायची न्हाई," हंबीरराव म्हणाला. तो रेकॉर्डकडे बघत नव्हता.