सायोच्या झाडातले खिळे

नोव्हेंबर सरत आला होता. डोंगरांची टोकं पांढरी झाली होती आणि गावात जो तो लाकूडफाटा आवरायच्या मागे होता. त्या दुपारी किनुयोकाकूंचा ओंडका होशींच्या लाकूड चिरायच्या मिलमध्ये आला तेव्हा त्यांची चिहो नुकतीच शाळेतून आली होती. दप्तर खुंटीला अडकवून तिने धातू शोधायची काठी उचलली. हे तिचं रोजचं काम होतं. काठी लाकडावरून फिरवायची. आत लोखंड असलं की ती बारीक आवाजात कुईं करते. तिच्या बाबांना, शिगेनोरींना, तो आवाज सहा वर्षांपासून ऐकू येत नव्हता. तीस वर्षं करवतीशेजारी उभं राहून बारीक आवाज त्यांच्या कानांतून कायमचे निघून गेले होते. मिलमध्ये आई बोलायची ती हातवारे करून, आणि चिहो मुळातच कमी बोलायची, त्यामुळे बापलेकीचं चांगलं जमायचं.

"चिहो, तुझे कान म्हणजे माझी बोटं," बाबा म्हणायचे आणि दोन्ही हातांची दहा बोटं तिच्यासमोर नाचवायचे. "बघ, अजून पूर्ण आहेत."

ओंडका किरीचा होता. त्या खोऱ्यात मुलगी जन्मली की दारात किरीचं रोप लावतात. मुलगी वाढते तसं झाड वाढतं, आणि ती लग्न होऊन निघाली की ते पाडून त्याचं खणांचं कपाट करून तिच्याबरोबर देतात. काकूंच्या सायोसाठी हे झाड लावलं त्याला आता तीस वर्षं झाली होती. सायो मात्र सातव्या वर्षी, रस्ते बर्फाने बंद असताना, तापात गेली. झाड राहिलं. आता काकू एकट्या होत्या. बर्फ उपसणं होत नाही म्हणून बर्फ पडायच्या आत शहरातल्या दोन खोल्यांत राहायला चालल्या होत्या. झाड तेवढं मागे सोडवत नव्हतं.

"कपाट करून मागाहून पाठवा," त्या म्हणाल्या. "तिचे कपडे अजून चहाच्या खोक्यात आहेत. लाज वाटते मला."

कपाट करणारे सुदोआजोबाही ओंडका बघायला आले होते. ऐंशीचे, वाळक्या मिरचीसारखे. त्यांनी साल ठोकून बघितली. "लाकूड झकास आहे. पण लोखंड एवढंसं जरी राहिलं ना, तरी किरी काळी पडते. काळी फळी मी कपाटाला लावत नाही. शिगेनोरी, ऐकलंस का?"

"हो, चहा घेईन की!" बाबा मोठ्याने म्हणाले.

"घ्या! या बहिऱ्याच्या हाती करवत!" सुदोआजोबांनी कपाळावर हात मारला. चिहोला हसू आलं. बाबांनी ओठ नीट वाचले होते, हे तिला ठाऊक होतं.

लोखंड आत होतंच, आणि ते कसलं हेही काकूंनी सांगून ठेवलं होतं. सायोचे वडील तोकुजी दर वाढदिवसाला तिला झाडाला पाठ लावून उभी करत आणि डोक्याच्या उंचीवर एक खिळा ठोकत. सात वाढदिवस, सात खिळे, सगळे घराकडच्या बाजूला. झाड जाड होत गेलं तसे ते आत गडप झाले.

चिहोने बुंध्याकडून काठी फिरवायला सुरुवात केली. कुईं.

"पहिला," काकू म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात ॲप्रनमध्ये गुंडाळले होते.

कुईं. "दुसरा. रडली होती." कुईं. "तिसरा. टाचा उंच केल्या, चोरटी. तिच्या बापाने डोक्यावर टपली मारून खाली बसवली."

असं करत सातवा आला. एकशे सोळा सेंटिमीटर. काकूंनी मान हलवली आणि मग त्या काठीकडे बघत राहिल्या.

चिहोचा हात थबकला. अजून वरचं अर्ध्याहून जास्त लाकूड उरलं होतं. पण तिथून पुढे काठी गप्प राहणार, आणि काकू शेजारी उभं राहून ते गप्प राहणं ऐकत राहणार. ते तिच्याने होईना. सायोची उंची तिथेच थांबली होती, हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत होतं. तिने बटण दाबून काठी बंद केली.

"झालं, बाबा," ती तोंड स्पष्ट हलवत म्हणाली. "पुढे साफ आहे."

बाबांनी पटाशीने सातही खिळे खोदून काढले. ते जुन्या पद्धतीचे, चौकोनी अंगाचे, घडीव होते. काकूंनी ते रुमालात बांधून घेतले. मग ओंडका गाड्यावर चढला, मोटर सुरू झाली, आणि करवतीचं लांब पातं गुणगुणत लाकडात शिरलं. किरीचं लाकूड मऊ. लोण्यातून सुरी जावी तसं पातं जात होतं. फिकट भुसा उडत होता, आणि त्याला ओल्या कागदासारखा हलका वास होता.

आणि मग ती किंकाळी आली.

चिहोच्या दातांत कळ गेली. ठिणग्यांचा एक पट्टा उडाला, काहीतरी सणाणत गेलं, आणि बाबांच्या डोक्यामागच्या पत्र्याला एवढंसं भोक पडलं. त्यातून बाहेरच्या बर्फाळ आभाळाचा एक ठिपका दिसायला लागला. मोटर बंद झाली. शेडमध्ये जळक्या लोखंडाचा वास भरला.

बाबांनी आधी कान चाचपला, मग बोटं मोजली. मग चिहोकडे बघितलं. ते रागावले नाहीत, आणि तेच तिला सोसवेना.

"पुढे ऐकलंच नव्हतंस ना?" त्यांनी विचारलं.

तिने मान खाली घातली, मग त्यांना ओठ दिसावेत म्हणून वर केली. "काकू उभ्या होत्या... म्हणून."

बाबांनी पातं नजरेखालून घातलं. "कळलं. पण पोरी, गप्प लाकूडसुद्धा शेवटपर्यंत ऐकायचं असतं."

त्यांनी ओंडका चिरेच्या ठिकाणी उघडला. आत कापलेल्या खिळ्याचं टोक आरशासारखं चमकत होतं, चौकोनी अंगाचं. बुंध्यापासून एकशे बत्तीस सेंटिमीटर, पात्याच्या नेमक्या रेषेत.

चिहोने काठी पुन्हा सुरू केली. या वेळी शेवटपर्यंत. कुईं... कुईं... बाबा पेन्सिलने उंची लिहीत गेले. एकशे बावीस. एकशे सत्तावीस. एकशे बत्तीस. एकशे एकोणचाळीस. एकशे सत्तेचाळीस. एकशे त्रेपन्न. एकशे छप्पन्न. एकशे सत्तावन्न. पुन्हा एकशे सत्तावन्न, आधीच्याला अगदी खेटून. त्यावर काही नाही.

"तोकुजीच तो," सुदोआजोबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पोर गेल्यावरही लपूनछपून ठोकत राहिला असेल. बापाचं मन."

बाबांनी एकेक खिळा उकरला आणि त्याच्यावर चढलेली, वर्षाला एक अशी वलयं नखाने मोजली. किरीची वलयं रुंद असतात, चूक व्हायला जागा नसते. दर वर्षाला एक खिळा होता, एकही वर्ष चुकलं नव्हतं. शेवटचा सोळाव्या वर्षाचा.

"तोकुजी कधी गेला?" बाबांनी विचारलं.

"सायो असती तर दहावं लागलं असतं तेव्हा," काकू म्हणाल्या. "आणि उरलेले खिळे मी त्याच वर्षी देवळाच्या सुताराला देऊन टाकले. हातोडीसकट."

 बाहेर अंधारून आलं होतं, जेमतेम चार वाजले असतील. पत्र्यावर बर्फाचे पहिले कण टिपटिपायला लागले. चिहो पेन्सिलच्या आकड्यांकडे बघत होती. अंदाजाने ठोकलेले खिळे सारख्या अंतरावर असते. हे तसे नव्हते. एका वर्षी ती पाच बोटं वाढली होती, एका वर्षी एक बोट, आणि शेवटी वाढ थांबली होती. शाळेत दर एप्रिलला नर्सबाई चिहोची उंची लिहितात, तिचे आकडेही असेच उड्या मारत गेले होते.

काकू पुढे आल्या. पेन्सिलचे आकडे असलेली चिरलेली फळी बाबांनी भिंतीला उभी केली होती. काकूंनी चपला काढल्या, फळीला पाठ लावली आणि टाचा टेकून ताठ उभ्या राहिल्या.

"चिहो, बघ गं. वरच्या खिळ्याची खूण कुठे येते?"

चिहोने हात सपाट धरला. "तुमच्या डोक्याच्या... वर. चार बोटं वर."

काकूंचा चेहरा हळूहळू उजळला. भीती तिथे नव्हतीच. "उंच झाली की गं माझ्याहून," त्या म्हणाल्या. "बापावर गेली." आणि ॲप्रन डोळ्यांना लावला.

सुदोआजोबा खाकरले. "पण किनुयो, या सगळ्या फळ्या डागाळलेल्या निघणार. मी..."

"डागाळलेल्याच दर्शनी लावायच्या," काकू म्हणाल्या. "नाहीतर मी दुसरा कारागीर बघते. तुमच्याहून तरुण."

"सत्तरीचा बघशील मग!" सुदोआजोबा पुटपुटले. पण त्यांनी मान डोलावली.

ओंडक्याची मागची बाजू तेवढी उरली होती. घराकडची नव्हे, डोंगराकडची. काकूंच्या दारातून त्या बाजूला थडगी दिसतात. चिहोने आता काही सोडायचं नाही असं ठरवलं होतं. तिने काठी वरून खाली आणली. गप्प. गप्प. एकशे सोळाच्या खाली गेली. शंभराच्याही खाली आली.

कुईं.

चौऱ्याऐंशी. त्याच्या खाली, चौऱ्याहत्तरवर, अजून एक. बस्स, दोनच.

बाबांनी वलयं मोजली. मोजायला फारशी नव्हतीच. खालच्या खिळ्यावर दोन, वरच्यावर एक. त्यांनी पटाशी खाली ठेवली. चौऱ्याहत्तर म्हणजे वर्षाचं लेकरू, हे मूल वाढवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

काकूंनी त्या जागेवर तळहात ठेवला, एखाद्याच्या टाळूवर ठेवावा तसा. बराच वेळ. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "आणि मी झाड पाडलं... आता तिसऱ्या वर्षी सायोचं लेकरू कुठं उभं राहायचं?"

दोन दिवसांनी त्या गेल्या. जाताना चिहोच्या हातात वाळवलेल्या पर्सिमन फळांची माळ दिली आणि घडी केलेल्या कागदावर फोन नंबर. "फळ्यांकडे लक्ष ठेव," एवढंच म्हणाल्या.

किरीच्या फळ्या लगेच वापरत नाहीत. त्या अंगणात उभ्या करून ठेवतात. दोन-तीन वर्षं पाऊस, बर्फ, ऊन खाऊन त्यांतला काळा रस निघून जातो, मग कारागीर हात लावतो. चिहोने एकेक फळी काठीने तपासली. सगळं लोखंड निघालं होतं. मग बर्फ आला आणि फळ्या कमरेइतक्या पांढऱ्यात उभ्या राहिल्या.

मार्चमधली एक दुपार. बर्फ उतरला होता, पण अंगणात अजून वीतभर जाडीचा, गुळगुळीत थर होता. मिल बंद होती. बाबा पात्याचे दाते कानशीने घासत बसले होते, चिहो शेजारी गणितं सोडवत होती. एकाएकी बाबांची कानस थांबली.

"चिहो, कोण ठोकतंय?"

तिने मान वर केली. तिला काही ऐकू येत नव्हतं. वळचणीचं पाणी टपटपत होतं, तेवढंच. आणि बाबांना? त्यांना तर जेवायची हाकही ऐकू येत नसे.

"काय ऐकलंत, बाबा?"

त्यांनी बोटाने बाकावर वाजवून दाखवलं. टक... टक... टक. "हळू. जवळ लहान मूल असलं की ठोकतात ना, ते दचकू नये म्हणून... तसं."

ते स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले. चिहोने काठी उचलली आणि ती अंगणात गेली.

बर्फावर पाऊलखूण नव्हती. मांजराचीसुद्धा नाही. पहिली उमटली ती तिचीच. ती फळ्यांच्या रांगेपाशी गेली आणि काठी वरून खाली आणू लागली. पहिली फळी गप्प. दुसरी गप्प. तिसरी डोंगराच्या बाजूला तोंड करून उभी होती.

कुईं.

चौकोनी अंगाचा खिळा. डोकं कोरडं होतं, गंजाचा कणही नाही. तिने टेप लावली, दोनदा मोजलं, आणि काकूंचा नंबर लावला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"किती?" काकूंनी विचारलं. चिहोने अजून नावही सांगितलं नव्हतं.

"त्र्याण्णव."

 पलीकडे काकू हसल्या, रडता रडता. "नऊ सेंटिमीटर! खातंय हो चांगलं."

फोन खिशात ठेवून चिहो वळली. काठी बंद करायची राहिली होती. तिच्या हातात ती तशीच लोंबत होती, दोन फळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे तोंड करून. तिथे बर्फ होता, आणि उजेड.

काठी बोलली. कुईं.

एखादी बाई हातात हातोडी धरून उभी राहिली, तर तिचा हात येईल त्या उंचीवर.

चिहो हलली नाही. तिने बटण दाबलं नाही. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. काठीचा आवाज एकदा आला, मग जरा क्षीण, मग त्याहून क्षीण, हातोडीचं लोखंड डोंगराच्या दिशेने दूर जात असल्यासारखा. अगदी सावकाश. लहानग्याला कडेवर न घेता, बोट धरून चालवत नेलं की होतं तितकं सावकाश.