बॉक्स बंद असताना

होम थिएटर बसवून देणं हा माझा धंदा. अगदी खोल बेस ऐकू येतो की नाही, यावरून गिऱ्हाइकं माझ्याशी तावातावाने भांडतात. माझं उत्तर ठरलेलं: तेवढा खालचा आवाज कानाला नाही, सोफ्याला कळतो. पटत नसेल तर मी सबवूफरच्या दिव्यावर चिकटपट्टी लावतो, खिशातल्या रिमोटने तो बॉक्स मधूनच चालू-बंद करतो आणि बेस जाणवला की बोट वर करायला सांगतो. भलेभले तोंडावर आपटतात. मला त्यात मजा येते, खोटं कशाला बोलू?

हे काका मात्र भांडले नाहीत.

"हिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही," ते म्हणाले. "पूर्वी प्रत्येक सिनेमा माझ्या शेजारी बसून बघायची. आता वर्ष झालं, या खोलीत पाऊल टाकत नाही. निदान हादरे तरी कळतील तिला. पुन्हा शेजारी बसली म्हणजे मिळवलं."

खोली तळमजल्यावरची, लाकडी जमिनीची. भर दुपारी अर्धे पडदे ओढून मी वायरी जोडल्या. काका काकूंना हाताला धरून घेऊन आले. त्या बसल्या, पण पाय सोफ्यावर घेऊन.

"काकू, पाय खाली टेकवा. तळव्यांनाच कळतं ते. जाणवलं की बोट वर करा."

माझे ओठ वाचून त्यांनी नाइलाजाने अंगठे टेकवले.

मी सिनेमातलं वादळ लावलं. सबवूफर बंद होता, तरी काकूंचं बोट वर गेलं. चालू केला, बोट खाली आलं. बंद केला, पुन्हा वर. कितीही वेळा करून पाहिलं तरी तेच.

"काकू, उलटं करताय तुम्ही."

"नाही रे बाबा. खाली थरथरतं तेव्हाच करते."

मी सगळ्या यंत्रांचे प्लग काढले. बोट वरच होतं.

मग मी आवाज मोजायचा माइक जमिनीवर ठेवला. माझा सबवूफर जेवढ्या खालच्या आवाजापर्यंत पोचतो, त्याच्याही खाली लॅपटॉपवरच्या आलेखात एक उंचवटा दिसत होता. तो सावकाश वाढायचा, सावकाश ओसरायचा.

"काका, खाली तळघर आहे का?"

"छे. नुसती माती."

मी प्लग लावले आणि वादळ पुन्हा सुरू केलं. उंचवटा नाहीसा झाला. काकूंनी पहिल्यांदाच दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले.

"तुझा बॉक्स वाजला की ते थांबतं," त्या म्हणाल्या.

"का थांबतं?"

काकूंनी जरा विचार केला. "ऐकत असेल."

काका हसले. "हिचं आपलं काहीतरीच. मग, बसशील ना आता?"

"हा वाजतोय तोवर बसेन."

काकांनी डोळे पुसले. मलाही बरं वाटलं. कारण काही का असेना, ती दोघं शेजारी बसली होती. मी सामान आवरलं आणि दाराशी जाऊन बूट घालू लागलो.

तेवढ्यात वीज गेली.

काकूंनी लगेच पाय वर घेतले.

"येईल आता," काका म्हणाले. जमिनीकडे बघत त्यांनीही पाय वर घेतले.

दोघं एकमेकांना खेटून बसली.

माझा एक पाय बुटात होता, दुसरा अनवाणी.

काकूंचं बोट वर गेलं. मग ते खाली वळलं, जमिनीवरून कशाचा तरी माग काढत हळूहळू दाराकडे आलं आणि माझ्या पायांपाशी थांबलं.