हँडसेटमधल्या मुंग्या

सकाळी सातला जीनत मुजावरचा फोन वाजला. पलीकडे तिची विद्यार्थिनी प्रियंका रडत होती.

"मॅडम, बारा वाजता ग्रामसभा आहे. आप्पांना कामावरून काढून पोलिसात देणार आहेत. पाणी चोरलं म्हणून."

जीनत कराडच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तिने गाडी काढली, ती थेट जत तालुक्यातल्या त्या गावात साडेदहाला थांबवली.

प्रियंकाचे वडील केरू बावीस वर्षं गावाचं पाणी सोडत होते. वर्षापूर्वी एका कंपनीने हौदाच्या व्हॉल्ववर रेडिओचा डबा बसवला आणि केरूच्या हातात एक हँडसेट दिला. मिनिटं टाकायची, बटण दाबायचं. व्हॉल्व उघडतो, वेळ संपली की मिटतो. गेल्या पंधरा दिवसांत भर दुपारी व्हॉल्व सहा वेळा उघडला. टाकीतून हौदात आणि हौदातून नळांना जाणारं पाणी अवेळी सुटल्याने हौद भरून ओढ्याला गेलं आणि वस्तीचे नळ कोरडे पडले.

पंचायतीत सरपंचाच्या खुर्चीवर यशराज बसला होता. सरपंच होती त्याची बायको, संयोगिता. ती दाराशी उभी होती. खुर्ची कुणाची हे विचारण्याइतकी लाज तिथे कुणालाच नव्हती.

"केरूनंच सोडलंय," यशराज म्हणाला. "तो अर्जुना धनगर याचा दोस्त. त्याची मेंढरं हौदावर पाणी पितात."

"आणि तुमची शेती कुठे?" जीनतने विचारलं.

"ओढ्याच्या खाली. या की बघायला! डाळिंबात सहा सेन्सर लावल्यात. त्यांचं बोलणं आमचा हवामानाचा खांब ऐकतो अन् पुढं धाडतो. असलं या तालुक्यात कुणाकडं न्हाई."

जीनतने खिडकीतून पाहिलं. रखरखाटात त्याचं शेततळं तुडुंब होतं.

"बोअरला लय पाणी हाय," तो न विचारताच म्हणाला.

कंपनीचा अमृत लॅपटॉप उघडून बसला होता. बोलणं असं, जणू वीज यानेच शोधली.

"आमचा संदेश कूटबद्ध असतो, मॅडम. कुणी फोडूच शकत नाही. किल्ली फक्त आमच्याकडे आणि त्या हँडसेटमध्ये. म्हणजे चोर कोण, हे उघड आहे."

"डब्यात किती संदेश नोंदलेत?"

"सात. बुद्धपौर्णिमेला एक, मग हे सहा."

"वर्षभरात फक्त सात? तुमच्या जाहिरातीत तर रोज रेडिओने पाणी सुटतं."

अमृत खोकला. कोपऱ्यातून केरू बोलले, "म्या रोज हातानंच सोडतो, बाई. चावी फिरवली की पाण्याची धडधड हाताला कळती. पौर्णिमेला विहारात वाढायला होतो, म्हणून तेवढं एकदाच बटण दाबलं. पाव्हणं जास्ती, म्हणून पंचावन्न मिन्टं."

"आणि नंतरचे सहा?"

"तेही पंचावन्नच," अमृत म्हणाला. "सवय!"

जीनतने सातही ओळी वाचल्या. अक्षरांचा नुसता काला. पण सातही ओळी अक्षर न् अक्षर सारख्या होत्या. तिला हसू आलं, आणि मग राग.

"हँडसेट आणा."

प्रियंकाने घरून आणला. जीनतने मागचं झाकण काढलं. आत सेल नव्हते. सेलच्या जागी मुंग्यांनी माती आणून घर केलं होतं. पांढरी अंडी दिसत होती.

"सेल कुठायत?"

"पौर्णिमेच्या दुसऱ्या दिशी बॅटरीत घातलं," केरू ओशाळून म्हणाले. "उगं पडून काय करायचं?"

"कंपनीने हे झाकण उघडून पाहिलं होतं?"

अमृतने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. चोर पकडायला आलेल्या माणसाला चार स्क्रू जड झाले होते.

बारा वाजता तिथेच सभा भरली. जीनत उभी राहिली.

"या हँडसेटने पंधरा दिवसांत काहीही पाठवलेलं नाही. मुंग्या खोटं बोलत नाहीत. किल्ली उरली कंपनीकडे. पण किल्ली असलेला माणूस तीन तास टाकून एकदाच काम उरकेल. हा चोर सहा वेळा आला आणि दर वेळी पंचावन्न मिनिटंच. कारण त्याला मिनिटं बदलताच येत नव्हती. त्याने पौर्णिमेचा संदेश हवेतून टिपला आणि न वाचता तसाच पुन्हा पुन्हा सोडला."

"पण तो कूटबद्ध होता!" अमृत ओरडला.

"टँकरचं कुपन घडी घालून दिलं, पण घेतल्यावर फाडलं नाही, तर एकाच कुपनावर रोज टँकर येईल. घडी काय कामाची? प्रत्येक संदेशाला नवा क्रमांक हवा, आणि तो बदलता येऊ नये म्हणून किल्लीची मोहोर."

"चिप एवढीशी, मॅडम. सेलवर दोन वर्षं चालवायची. परवडत नाही."

"एवढ्याशा चिपसाठीच्या पद्धती आहेत. बारा अक्षरं वाढली असती. तुम्ही बारा अक्षरं वाचवलीत आणि बावीस वर्षं पाणी सोडणारा माणूस चोर ठरवलात."

मग ती यशराजकडे वळली.

"आता गावात हवेतलं ऐकून पुढं धाडणारं यंत्र एकच आहे. त्याच्या मालकाने मला स्वतःच सांगितलं. यशराजराव, तुमच्या खांबाची नोंद दाखवा. पौर्णिमेची."

"ती खाजगी हाय," यशराज म्हणाला. "आन् ही बाहेरची बाई कोण आमाला इचारणार?"

"म्या इचारती की."

संयोगिता दारातून पुढे आली होती. तिच्या हातात घरचा टॅब होता.

"हे दुपारी जेवान टाकून ह्यातलंच बटण दाबत व्हतं. म्या म्हनलं, बागंचं काय आसंल."

जीनतने टॅब घेतला. पौर्णिमेची एक ओळ जपून ठेवलेली होती, आणि ती सहा वेळा धाडलेली. अक्षरं तीच. अमृतने लॅपटॉपशी ताडून पाहिली आणि मान खाली घातली.

यशराज बायकोकडे वळला. "घरी चल. मग बघतो तुला."

"बघा. पर आदी उठा," ती म्हणाली. ती मागे सरली नाही. "ती खुर्ची माजी हाय. मला पोलिसाला फोन लावायचाय."

तो उठला. संयोगिता बसली आणि टेबलावर जप्त करून ठेवलेली व्हॉल्वची लोखंडी चावी तिने उचलली.

"केरूआप्पा, वस्तीचं नळ चार दिस झालं कोरडं हायती."

केरूंनी चावी दोन्ही हातांनी घेतली आणि ते हौदाकडे निघाले. हँडसेट कुणीच मागितला नाही.