तिच्या सुरीची धार

कोंबडीच्या कारखान्यात प्रेम जमायचं म्हणजे कठीणच! डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क. उघडे काय ते डोळे. पण एकदा ऐन कामात तिची सुरी बोथट झाली. सरकत्या पट्ट्यावरच्या कापायच्या कोंबड्या काही थांबेनात, म्हणून ती धावतच धारेच्या खोलीत शिरली... आणि धारवाल्यावर आदळली.

“अहो, हातात सुरी घेऊन पळतात का?”

“बोथट आहे. काही होणार नाही तुम्हाला.”

“म्हणजे माझ्या आळसानंच मला वाचवलं!”

त्याचे डोळे हसत होते. तेव्हापासून तिची सुरी जरा लवकरच बोथट व्हायला लागली.

मग परदेशी कंपनीची माणसं आली. कोंबडी तीच, काप तेच. पण इथली दिवसभराची मजुरी तिकडे तासाभरात मिळायची. कापून दाखवायचं, पसंत पडलं की दोन वर्षांचा करार. तिला जायलाच हवं होतं. मांस टिकावं म्हणून कारखान्यात ठेवलेल्या याच गारठ्यात कापता कापता आईची बोटं आखडली होती. आता आईला स्वतःची वेणीही घालता येत नव्हती. इथल्या पगारात घर कसंबसं चालायचं, उपचार कुठून होणार? हे सगळं तिनं फक्त धारवाल्यालाच सांगितलं होतं.

“तिकडे धारवाले लागतात का हो?”

“तिकडे यंत्र धार लावतं,” तो म्हणाला. “मी... चौकशी केलीय.”



चाचणीच्या दिवशी सुरी लोण्यातून फिरावी तशी फिरली. तिची निवड झाली. बायकांनी तिला मिठ्या मारल्या, पण तिचं कशात लक्ष नव्हतं. ती तडक धारेच्या खोलीत गेली.

“एवढी धार कशाला लावलीत? जरा कमी लावली असती, तर...”

“कमीच लावली होती,” तो मान खाली घालून म्हणाला. “काल. पण घरी गेलो नि तुमच्या आईंची बोटं डोळ्यांसमोरून हलेनात. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पुन्हा लावली. जीव आहे हो माझा तुमच्यावर... म्हणूनच तसा वागलो. आणि म्हणूनच असाही.”

मग तिनं मास्क काढला. गाल ओले झाले होते.

“सुरी तशीच ठेवली असतीस ना, तर मी राहिले असते रे,” ती म्हणाली. “आणि पुढे कळलं असतं, तर तुझं तोंड पाहिलं नसतं.”

तिचा हात बर्फासारखा गार होता. त्यानं तो दोन्ही हातांत धरला.

“थांबशील दोन वर्षं?”

“थांबेन,” तो म्हणाला. “तू जा.”